दोन बोटं

मिस्त्रीचं माप चुकत नाही, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. नुसतं बघून तो सांगायचा की हे दार एक सूत खाली बसलंय, आणि टेप लावला की एक सूतच निघायचं. त्यामुळं पुढं जे झालं त्याला चूक म्हणायची सोयच राहिली नाही. चूक असती तर बरं झालं असतं हो.

त्याचं असं झालं. दोन देशांमध्ये दोन महिने तोफांची देवाणघेवाण चालली होती, आणि सीमा वस्तीपासून तासाभराच्या चालीवर. दोन्हीकडची घरं पडली, दोन्हीकडची पोरं पकडली गेली, आणि शेवटी कुणाला तरी सुचलं की जरा बोलून बघू. जागा ठरली सीमेवरचं जुनं जकातीचं गोदाम. गोदामाच्या मधोमध फरशीवर रंगाची रेघ ओढली. रेघेवर टेबल, अलीकडे सहा खुर्च्या, पलीकडे सहा. हे सगळं बघायला एक साहेब नेमला होता. अंगानं काटकुळा, कोटाच्या खिशात कायम टेप. झेंडे एका उंचीचे, पाण्याचे पेले एका मापाचे, दारंसुद्धा दोन, कारण आधी आत कोण शिरणार यावर तीन आठवडे पत्रापत्री झाली होती. हसू नका. ज्यानं एका स्वयंपाकघरात दोन जावा बघितल्यात, त्याला यात काही नवल वाटायचं नाही.

टेबल-खुर्च्यांचं काम मिस्त्रीला मिळालं. कारखाना जवळ, हात चांगला, शिवाय चर्चच्या पंचमंडळात बसणारा माणूस, म्हणजे भरवशाचा.

"मिस्त्री, बारा खुर्च्या म्हणजे बारा जुळी भावंडं पाहिजेत," साहेब म्हणाला. "पहिलं कलम जखमी कैद्यांचं आहे. दोन्हीकडचे जखमी दोन दिवसांत घरी पोचवायचे, मग पुढचं बोलणं. खुर्चीवरून खुसपट निघायला नको."

"माझ्या हातून?" मिस्त्री म्हणाला. "अहो, माझा जावई त्यांच्याकडे आहे."

होताच. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मुलगी माहेरी येऊन बसली होती. पाच आठवड्यांपूर्वी जावयाची तुकडी पकडली गेली, एवढंच कळलं होतं. त्याच तुकडीत पाववालीचा एकुलता एक मुलगा होता. पाववाली म्हणजे चर्चमागच्या गल्लीतली विधवा बाई, भट्टी एकटीनं चालवायची. तिला निरोप आला होता की मुलगा जखमी आहे, मांडीत गोळी आहे. जावयाचा तेवढाही निरोप नव्हता. रिकामं बसून डोकं फिरेल म्हणून मुलगी बापाच्या कारखान्यात यायची, खुर्च्यांवर पॉलिशपेपर घासायची, आणि मधूनच म्हणायची, "बाबा, यावर बसून ते ह्यांना सोडायचं ठरवतील, नाही?"

मिस्त्री हो म्हणायचा आणि मनात शिव्या घालायचा. रोज जेवणाआधी तो डोळे मिटून जावयासाठी प्रार्थना करायचा, आणि आमेन म्हणता म्हणता पलीकडच्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. देवाच्या दरबारात ही दोन्ही पत्रं एकाच पाकिटातून पोचत असतील, तर तिथला कारकूनसुद्धा चक्रावला असेल.

काम संपलं त्या दुपारी मायलेकी बाजारात गेल्या होत्या. साहेब सकाळीच येऊन बाराही खुर्च्या मोजून, कागदावर सही करून गेला होता. रंगारी तेवढा पॉलिशचा शेवटचा हात मारत होता. मिस्त्रीचा वीस वर्षांपासूनचा दोस्त, जिभेला हाड म्हणून नाही.

"मिस्त्री, त्यांच्या सहा खुर्च्यांचे पाय जरा छाटले तर?" तो म्हणाला. "बसले की हनुवटी टेबलाला टेकेल बघ. मास्तरपुढं पोरं बसल्यागत दिसतील!"

दोघं इतके हसले की रंगाऱ्याला ठसका लागला. खोकत खोकतच त्यानं हात धुतले, घरी गेला, आणि गंमत विसरून गेला. मिस्त्री विसरला नाही. त्यानं सहा खुर्च्या उलट्या केल्या. पायाच्या टोकाशी दोन बोटं आडवी ठेवायची, पेन्सिलीनं रेघ मारायची, करवत चालवायची. सहा खुर्च्यांचे चोवीस पाय, चोवीस तुकडे. एकही तुकडा वाकडा निघाला नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटत होतं, हेही सांगितलंच पाहिजे. कापलेल्या तोंडांवर त्यानं नीट पॉलिश मारलं, कारण काम कच्चं सोडायची त्याला सवय नव्हती. मग गाडी आली, आणि गोदामात त्या सहा खुर्च्या त्यानं स्वतः उचलून रेघेपलीकडे लावल्या.

बोलणी दहा मिनिटं चालली. टेबल डगमगलं तर माणूस हाताशी असावा म्हणून साहेबानं मिस्त्रीला आपल्या बाजूच्या दाराशी उभं केलं होतं. पलीकडचे प्रमुख म्हणजे पांढऱ्या केसांचे, ठेंगणे आजोबा. ते बसले आणि बसतच गेले. टेबलाची कड छातीशी आली. समोर आपले सहाजण, वरून खाली बघत. त्यांतल्या एकाला हसू आवरेना, त्यानं रुमाल तोंडाला लावला. आजोबांनी ते बघितलं. वाकून खुर्चीच्या पायावरून हात फिरवला, टोकाशी बोटं थांबली, आणि ते उठले. त्यांची भाषा आपल्यासारखीच, फक्त हेल वेगळा.

"बरोबरीनं बसवायचीसुद्धा ज्यांची तयारी नाही, त्यांच्याशी बोलायचं काय?" ते म्हणाले आणि आपल्या दारानं निघून गेले. बाकीचे पाच त्यांच्या मागून.

गोदामाला दोन्ही बाजूंनी कुलपं लागली. रेडिओवर सांगितलं, शत्रूनं खुर्चीचा कांगावा करून बोलणी उधळली. साहेबानं छातीठोकपणे सांगितलं की खुर्च्या मी स्वतः मोजल्यात. आणि बिचाऱ्यानं मोजल्या होत्याच की! वस्तीत जो तो म्हणायला लागला, बघा, यांना बोलायचंच नव्हतं. रंगारी धावत कारखान्यात आला.

"मिस्त्री, तू ते खरंच..."

"गप बस."

"मी गंमत केली होती रे," रंगारी म्हणाला. तो नंतर कितीतरी दिवस तिकडे फिरकला नाही.

त्या संध्याकाळी तोफा पुन्हा सुरू झाल्या. मुलीनं जावयाचा एक सदरा इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला होता, तो तिनं काढला, घडी केली आणि ट्रंकेत ठेवला.

"बाबा, तुम्ही तिथं होता," ती म्हणाली. "का उठले हो ते?"

"लोकच तसले," मिस्त्री म्हणाला, आणि पाणी प्यायला आत गेला.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पाळक तरुण होते, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, आणि एरवी त्यांचा उपदेश ऐकताना पुढच्या बाकावरचे निवृत्त कप्तान निवांत डुलकी काढायचे. त्या दिवशी कुणी डुलकी काढली नाही.

"प्रभूनं एका राजाची गोष्ट सांगितलीय," पाळक म्हणाले. "लढाईला निघालेला राजा आधी बसून विचार करतो, आणि समोरचं सैन्य दूर आहे तोवरच माणसं पाठवून सलोख्याचं विचारतो. प्रभूला तिथं खरं तर दुसरंच शिकवायचं होतं, हे मला माहीत आहे. पण शहाणा राजा कसा असतो हे सांगताना त्याला बोलणी करणारा राजा सुचला, एवढं ध्यानात घ्या. आणि आपलं काय? आपण देवाचे वैरी होतो. आपण सुधारेपर्यंत तो थांबला नाही. आधी गुडघे टेका, मग बघू, असं म्हणाला नाही. स्वतः उठून आपल्या दारात बोलायला आला. ज्यांच्याशी देव असा वागला, त्यांनी वैऱ्याशी बोलणार नाही म्हणायचं ते कोणत्या तोंडानं?"

कप्तान उभे राहिले. चर्चमध्ये मध्येच कुणी उठत नसतं, पण ते उठले. "आणि ते आपली पोरं मारतात, त्याचं काय? हात जोडायचे?"

"पोरं मारणं हा गुन्हाच, कप्तानसाहेब. तोही टेबलावरच मांडायचा, मोठ्यानं मांडायचा. बोलणं म्हणजे लोटांगण नव्हे. समोर माणूस बसलाय एवढं कबूल करणं म्हणजे बोलणं." पाळकांनी चष्मा वर सारला. "शेवटच्या जेवणाला त्याला वैऱ्यांच्या हाती धरून देणारा शिष्यही त्याच मेजाशी होता. प्रभूला ते ठाऊक होतं. तरी त्याला वेगळं ताट दिलं नाही, खालच्या जागी बसवलं नाही. आपला प्रभू सुतार होता. कुणाला कुठं आणि कसं बसवायचं, याची किंमत त्याला कळत होती."

मिस्त्रीनं मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्याला वाटलं पाळकांना सगळं कळलंय आणि ते आपल्याकडेच बघून बोलतायत. पाळकांना डोंबल कळलं होतं!

"मेजावरून तेच उठले!" कप्तान ओरडले. "आपली माणसं बसूनच होती. त्या मिस्त्रीला विचारा, तो तिथं हजर होता. जावई त्याचा तिकडे आहे, त्याच्याइतकं कुणाला लागलंय? सांगा मिस्त्री, कोण उठलं?"

सगळ्या माना वळल्या. बायको बघत होती, मुलगी बघत होती, दोन बाकं सोडून पाववाली बघत होती. मिस्त्री उभा राहिला. आता बघा, देवानं माणसाला आणखी किती सोपं करून द्यावं? प्रश्न विचारला, माणसं जमवली, जागाही आपल्याच घरातली. नुसतं तोंड उघडायचं होतं. मिस्त्रीनं ते उघडलं.

"तेच उठले," तो म्हणाला. "त्यांना बोलायचंच नव्हतं. मी डोळ्यांनी बघितलं."

कप्तानांनी बाकावर हात आपटला. मागून कुणी तरी म्हणालं, पाळकसाहेब, तुमच्या घरातलं कुणी तिकडे अडकलेलं नाही, तुम्हांला बोलायला काय जातंय. पाळकांनी कागद गोळा केले आणि पुस्तकातल्या गीताचा आकडा सांगितला. सगळे गायले. मिस्त्रीनं नुसते ओठ हलवले.

बाहेर पडताना पाववालीनं त्याला गाठलं. "मिस्त्री, तुम्ही असं बोलायला नको होतं," ती म्हणाली. रागानं नाही, दमलेल्या आवाजात. "आपल्या दोघांचं दुखणं एक आहे. ते उठले तर उठले. पुन्हा बोलवा म्हणावं. माझ्या पोराच्या पायात गोळी आहे हो. मला बरोबरी नको, काही नको, पोर पाहिजे."

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, "बघू, देव आहे." देव आहे म्हणे! देवाचं नाव असं पुढं करून तो घरी गेला.

त्यानंतर त्याचं जेवण तुटलं. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही आजारी पडलात तर जावई आल्यावर त्याला काय सांगू?" तो ताटावरून उठायचा. कारखान्यात जाऊन बसायचा आणि एक फळी दिवसभर रंधत राहायचा, पार कागद होईपर्यंत. चोवीस तुकडे त्यानं खिळ्यांच्या डब्यामागं एका पिशवीत कोंबले होते. जाळून टाकायचे होते, पण हात होईना. का होईना ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बोलणी मोडल्यापासून दहाव्या दिवशी मुलीला खिळे हवे होते. तिनं डबा ओढला, पिशवी खाली पडली आणि तुकडे फरशीवर विखुरले. ती बसून ते गोळा करायला लागली. एक उचलला, फिरवून बघितला. चारही बाजू तिच्याच हातानं घासलेल्या, ती ओळखणार नाही तर कोण? सुताराची मुलगी ती. तिनं तुकडे चार-चार करून मांडले. सहा ढीग झाले. मग एका तुकड्याशेजारी तिनं आपली दोन बोटं आडवी धरली.

"बाबा," ती म्हणाली.

मिस्त्रीच्या हातातला रंधा थांबला.

"रेडिओवर म्हणाले तो कांगावा होता. तुम्ही चर्चमध्ये उभं राहून सांगितलंत." तिचा आवाज चढला नाही, त्याचंच त्याला जास्त भय वाटलं. "मी त्या खुर्च्यांवर हात फिरवत होते हो. एकेकीवर. ह्यांचं नाव घेऊन."

"मला राग आला होता," मिस्त्री म्हणाला. "त्यांनी त्याला धरून ठेवलंय, आणि मी त्यांच्यासाठी गाद्या घालू?"

"आता कुणी धरून ठेवलंय ह्यांना?" मुलगी म्हणाली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं माणूस उगाच म्हणत नाही. पण धरणी कुठं एवढी रिकामी बसलीय! मिस्त्री उभा तसाच राहिला. मुलीनं तुकडे पिशवीत भरले, पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "साहेबाकडे तुम्ही जाताय की मी जाऊ?"

तो आधी पाळकांकडे गेला. पाळकांनी ऐकून घेतलं, बराच वेळ चष्मा पुसला, आणि एवढंच म्हणाले, "चला, मी बरोबर येतो." ज्या माणसाला आपण भरचर्चमध्ये खोटं पाडलं तो शेजारून चालतोय, याची मिस्त्रीला वाटभर इतकी लाज वाटली की त्यापेक्षा पाळकांनी दोन मुस्काटात ठेवल्या असत्या तर तो सुखानं चालला असता.

साहेबाची पाचावर धारण बसली. "माझी सही आहे त्या कागदावर!" तो म्हणाला. "मिस्त्री, तुम्ही देशाचं नाक कापलंत. हे बाहेर गेलं तर माझं काय होईल?"

"आणि गेलं नाही तर त्या कैद्यांचं काय होईल?" पाळक म्हणाले. "तुमच्या कचेरीत त्यांच्याशी बोलायचा फोन आहे ना? सांगा, सुताराकडून खोट राहिली होती, तो स्वतः येऊन दुरुस्त करतोय, त्यांच्यासमोर."

साहेबानं दोन दिवस वरच्यांना विचारण्यात घालवले, आणखी दोन पलीकडून उत्तर यायला गेले. पहिल्या बैठकीला चौदा दिवस झाले तेव्हा गोदामाची कुलपं निघाली. आत जाताना साहेब कानात म्हणाला, "लाकूड आकसलं म्हणून सांगा. दमट हवा म्हणा. समजलं?"

मिस्त्री रेघ ओलांडून पलीकडे गेला आणि गुडघ्यांवर बसला. सहाही खुर्च्या उलट्या केल्या. कोणता तुकडा कोणत्या पायाचा हे लाकडाच्या रेषांवरून जुळवायचं, गिरमिटानं भोक पाडायचं, लाकडाची खुंटी ठोकायची, सरस लावायचा. पलीकडचे सहाजण भिंतीशी उभे राहून बघत होते. आजोबा जवळ आले. त्यांचे बूट मिस्त्रीच्या हाताशी येऊन थांबले.

"चुकून झालं की मुद्दाम?" त्यांनी विचारलं.

साहेब खोकला. मिस्त्रीनं मान वर केली.

"मुद्दाम केलं," तो म्हणाला. "माझा जावई तुमच्याकडे आहे, त्याचा राग होता. यांच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं. मी एकट्यानं केलं. मला माफ करा."

साहेब छताकडे बघत होता. मग आजोबा म्हणाले, "माझा नातू तुमच्याकडे आहे." त्यांनी एका खुर्चीच्या पायाला बोट लावलं, बोटाला सरस चिकटला. "वाळायला किती वेळ?"

"तास तरी लागेल."

"मग तासभर उभ्यानं बोलू," आजोबा म्हणाले.

ते उभे राहिले म्हणताना आपले सहाजणही खुर्च्यांवरून उठले. उभ्यानंच टेबलावर कागद पसरले, उभ्यानंच पहिलं कलम काढलं. मिस्त्री अजून खालीच होता, खुंट्या ठोकत. टेबलाखालून त्याला दोन्हीकडचे बूट दिसत होते, आणि वर कुणी तरी जखमींची नावं वाचत होतं. सरस वाळला तरी बराच वेळ कुणाला बसायचं सुचलं नाही.

चार दिवसांनी कैदी आले. जावई हाडांचा सापळा झाला होता, पण स्वतःच्या पायांवर चालत आला. मुलीनं सदरा ट्रंकेतून काढला, तो त्याच्या अंगावर पोतं घातल्यासारखा दिसत होता, आणि ती हसता हसता रडली. वस्तीत बातमी पोचली होती, तीही भलतीच होऊन. म्हणे, मिस्त्रीनं शत्रूपुढं गुडघे टेकले आणि बोलणी वाचवली. का टेकले हे साहेबानं बाहेर येऊ दिलं नव्हतं. कप्तान स्वतः घरी आले, हात हातात घेऊन म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही आमच्यापेक्षा मोठे निघालात." मिस्त्रीनं हात सोडवून घेतला. त्याला तो हात कुठं ठेवावा ते कळेना.

जेवताना जावई म्हणाला, "पाववालीचा मुलगा माझ्या शेजारच्या खाटेवर होता."

बायको म्हणाली, "होता म्हणजे?"

"पाय सडला. त्यांच्या डॉक्टरनं फार केलं हो, पण औषधच नव्हतं. डॉक्टर म्हणाला होता, बोलणी सुरू झाली की पहिले जखमी जातील, तिकडे मोठ्या हॉस्पिटलात पाय वाचेल. त्या दिवशी त्याला दाढी करून तयार ठेवला होता. संध्याकाळी सांगितलं, बोलणी मोडली." जावयानं घास खाली ठेवला. "मग बारा दिवस काढले त्यानं. तुम्ही तिकडे खुर्च्या दुरुस्त केल्यात, त्याच्या दोन दिवस आधी गेला."

मुलीनं बापाकडे बघितलं नाही. तिनं नवऱ्याच्या ताटात वाढलं आणि भांडं घेऊन आत गेली.

प्रेतं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायची होती. चर्चच्या मंडळीत कुणी वारलं की शवपेटी मिस्त्रीच करायचा, वर्षानुवर्षांचा रिवाज. पाववालीलाही रात्री कळवलं होतं, आणि सकाळी तिचा निरोप आला, माप घेऊन जा. तो गेला. भट्टी चालू होती, कारण आजूबाजूच्या घरांना पाव लागतोच. ती कणीक मळत होती, कोपरापर्यंत पीठ.

"दाराच्या चौकटीवर बघा," ती म्हणाली. "शेवटची रेघ भरतीला गेला त्या दिवशीची आहे. त्यानंतर वाढला नसेल."

चौकट मिस्त्रीनंच बसवलेली होती. खालपासून वरपर्यंत पेन्सिलीच्या रेघा, प्रत्येकीशी एक तारीख. त्यानं टेप काढला, आणि परत खिशात घातला.

"आधी एक सांगायचंय," तो म्हणाला. "रविवारी सगळ्यांपुढं सांगणार आहे. पण आधी तुम्हांला."

त्यानं सांगितलं. रंगाऱ्याचं नाव घेतलं नाही. आपला राग, करवत, चोवीस तुकडे, चर्चमध्ये उभं राहून काय बोललो, सगळं सांगितलं, आणि जावई जेवताना काय म्हणाला तेही. माफ करा हे शब्द त्यानं तोंडाशी आणले होते, पण गोदामात त्या आजोबांना ते म्हणता आले आणि इथं म्हणवेनात. पाववालीचे हात कणकेत तसेच राहिले. भट्टीतून करपल्याचा वास यायला लागला. तिनं हात पुसले, ताटं बाहेर ओढली, एकेक पाव उलटा करून खालून बघितला, करपलेले वेगळे काढले. सगळं सावकाश. मिस्त्री दारात उभा होता. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"दाढी केली होती त्याची," ती म्हणाली.

"हो."

मग ती चौकटीपाशी आली.

"पेटी तूच करायची," ती म्हणाली. आजवर तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "दुसऱ्या कुणाकडून नको मला. आणि माप नीट घे."

त्यानं टेप काढला. ती खाली बसली आणि टेपचं टोक उंबऱ्याशी दाबून धरलं. तो वर शेवटच्या रेघेपर्यंत गेला, पण डोळे भरून आले होते, आकडा काही केल्या दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले, पुन्हा बघितलं, तरी दिसेना. तेव्हा ती उठली, टोक त्याच्या बुटाखाली सरकवलं, आणि टाचा उंचावून तिनं स्वतः आकडा वाचला. मोठ्यानं, दोनदा. मिस्त्रीनं तो लिहून घेतला.